घरच्या घरी प्रेग्नन्सी टेस्ट: नेमकी कोणत्या दिवशी करायची?

पाळी लांबली की पहिला विचार येतो तो किटचा. ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, वापरायला सोपं असतं आणि वेळेवर वापरलं तर निकालही भरवशाचा असतो. तरीही अनेक जणींचा गोंधळ उडतो, कारण दिवस चुकतो. घाईने केलेली टेस्ट 'नाही' दाखवते, बाई निश्चिंत होते किंवा हिरमुसते, आणि खरं उत्तर तेव्हा शरीरात तयारच झालेलं नसतं.

माझी पाळी पहिल्यापासून उशिराची आणि बेभरवशाची. त्यामुळे 'पाळी चुकली' कधी म्हणायचं हे मला डॉक्टरबाईंना खोदून खोदून विचारूनच समजून घ्यावं लागलं. नवीन लग्न झालेली मुलगी असो, आता मूल नको म्हणणारी दोन लेकरांची आई असो की हॉस्टेलवर घाबरून बसलेली विद्यार्थिनी, दिवस मोजायची रीत सगळ्यांना एकच लागू पडते. ती इथे क्रमाने सांगते.

## १. आधी शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहा

पाळीची तारीख म्हणजे अंगावरून नीट जायला लागलं तो पहिला दिवस. पाळी थांबली तो दिवस धरायचा नाही. डॉक्टर, नर्सबाई, आशाताई सगळे हीच तारीख विचारतात.

आपल्याकडे बऱ्याच बायकांना तारखेऐवजी तिथी आठवते: 'संकष्टीच्या आदल्या दिवशी बसले होते', 'एकादशीला अडचण आली म्हणून देवळात गेले नाही'. काही हरकत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तिथी शोधा आणि खालची इंग्रजी तारीख उतरवून घ्या. मोजणी मात्र तारखेनेच करा.

मग आधीच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा आठवून दोन पाळ्यांमध्ये किती दिवस गेले ते पाहा. २१ ते ३५ दिवसांच्या अंतराने येणारी पाळी सर्वसाधारण मानतात. सगळ्यांची २८ दिवसांची नसते, आणि इथेच पहिली फसगत होते.

एक उदाहरण घ्या. पाळी ३ मार्चला आली आणि चक्र २८ दिवसांचं आहे. पुढची पाळी ३१ मार्चला अपेक्षित. स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं, म्हणजे १७ मार्चच्या सुमाराला. आता हीच ३ मार्चची पाळी ३५ दिवसांचं चक्र असलेल्या बाईची असेल, तर तिची पुढची तारीख ७ एप्रिल, आणि स्त्रीबीज सुटणार २४ मार्चच्या आसपास. तिने ३१ मार्चला टेस्ट केली, तर ती पाळी चुकायच्या आधी सात दिवस केल्यासारखी होईल. मोबाइलमधलं ॲप सुरुवातीला २८ दिवस धरून 'पाळी उशिरा' असं दाखवतं. तुमचे स्वतःचे आकडे घातल्याशिवाय त्याचं ऐकू नका.

अजून एक जागा जपायची. मागची पाळी नेहमीपेक्षा खूपच कमी होती का? एखाददुसरा डाग, तोही गुलाबी किंवा तपकिरी? गर्भ रुजताना काही जणींना असं थोडंसं दिसतं, आणि ती पाळीच समजली जाते. शंका असेल तर त्याच्या आधीची, नेहमीसारखी आलेली पाळी धरून मोजा.

## २. किट काय शोधतं ते समजून घ्या

किट लघवीतलं एचसीजी नावाचं संप्रेरक शोधतं. ते गर्भधारणा झाल्या झाल्या तयार होत नाही. स्त्रीबीज फळल्यावर गर्भ गर्भाशयाच्या अस्तरापर्यंत पोचायला आणि तिथे रुजायला वेळ लागतो. स्त्रीबीज सुटल्यापासून ६ ते १२ दिवसांत, बहुतेकींच्या बाबतीत ८ ते १० दिवसांत तो रुजतो. त्यानंतर कुठे एचसीजी रक्तात यायला लागतं, सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातं, आणि मग लघवीत पुरेसं उतरतं. बाजारातली बरीच किटं मिलिलिटरमागे २५ मिलि-एककांच्या आसपास एचसीजी असेल तर रेषा दाखवतात.

म्हणजे वरच्या उदाहरणातल्या २८ दिवसांच्या चक्रात गर्भ २३ ते २९ मार्चदरम्यान कधीही रुजू शकतो. २९ ला रुजला असेल, तर ३१ ला सकाळी किट 'नाही' म्हणेल आणि काही दिवसांनी तसलंच नवं किट 'हो' म्हणेल. दोन्ही वेळा किट बरोबरच असेल. संबंध आल्यावर चौथ्या दिवशी टेस्ट करून काहीच कळत नाही ते याच कारणाने. उलट्या, मळमळ, छाती जड होणं यांवरून अंदाज बांधणंही फोल आहे, कारण पाळीच्या आधीही असंच वाटतं.

## ३. तुमचा दिवस ठरवा

पाळी नियमित असेल: अपेक्षित तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून टेस्ट करता येते. माझं मत विचाराल तर आणखी आठवडाभर थांबा. तेव्हा 'नाही' आलं, तर त्यावर बऱ्यापैकी विसंबता येतं. थांबण्याला आणखी एक कारण आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. काही गर्भ रुजतात आणि चार-पाच दिवसांतच आपोआप निसटतात, पाळी थोडी उशिरा आली इतकंच वाटतं. फार लवकर टेस्ट करणारीला तिथे 'हो' दिसतं आणि त्याच आठवड्यात अंगावरून जायला लागतं. यात तिचं काही चुकलेलं नसतं, पण दुःख व्हायचं ते होतंच.

पाळी अनियमित असेल, पीसीओएस (पाळी लांबवणारा अंडाशयाचा विकार) असेल, किंवा तारीखच आठवत नसेल: पाळीवरून मोजणं सोडून द्या. शेवटचा असुरक्षित संबंध कधी आला ती तारीख धरा आणि तिच्यापुढे २१ दिवस मोजा. त्या दिवशी किंवा त्यानंतर केलेल्या टेस्टचा निकाल भरवशाचा मानतात. माझ्यासारख्यांसाठी हा २१ दिवसांचा हिशेब मोठाच आधार आहे. या दिवसांत पुन्हा असुरक्षित संबंध आला, तर मोजणी त्या तारखेपासून नव्याने सुरू करायची.

तातडीची गोळी घेतली असेल (७२ तासांत घ्यायची म्हणून मेडिकलमध्ये मिळते ती): या गोळीने पुढची पाळी आठवडाभर इकडे-तिकडे होऊ शकते, म्हणून लगेच घाबरू नका. पाळी आठवड्यापेक्षा जास्त लांबली किंवा संबंधाला २१ दिवस झाले की टेस्ट करा. गोळी घेतल्यावर थोडं रक्त दिसलं, तर तीच पाळी समजून गप्प बसू नका.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील: गणपती, सत्यनारायण, घरचं लग्न, वारी यांसाठी या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात. गोळ्या बंद केल्यावर बहुतेकींना दोन-तीन दिवसांत पाळी येते, कधी आठवडा लागतो. दहा दिवस उलटूनही आली नाही, तर टेस्ट करा. आणि या गोळ्यांनी गर्भ राहत नाही असा जो समज आहे तो डोक्यातून काढून टाका. त्या गर्भनिरोधक नाहीत.

बाळ अंगावर पीत असेल: बाळंतपणानंतर पहिली पाळी यायच्या आधीच स्त्रीबीज सुटू शकतं, म्हणून 'अजून पाळीच आली नाही, मग दिवस कसे राहतील?' हा तर्क चालत नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, दिवसरात्र फक्त अंगावरचंच पितं आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तर शक्यता फारच कमी. वरचं दूध किंवा भरवणं सुरू झालं असेल तर २१ दिवसांचा हिशेब लावा.

गर्भपात झाला किंवा केला असेल: एचसीजी शरीरातून जायला काही आठवडे लागतात. तोवर किट 'हो' दाखवत राहील. त्यावरून स्वतःच निष्कर्ष काढू नका, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच तपासणीला जा.

आययूआय किंवा आयव्हीएफ (मूल होण्यासाठीचे उपचार) चालू असेल: स्त्रीबीज सुटण्यासाठी देतात त्या इंजेक्शनात पुष्कळदा एचसीजीच असतं. त्यामुळे पहिले दहा-चौदा दिवस किट खोटं 'हो' दाखवू शकतं. दवाखान्याने रक्ततपासणीची जी तारीख दिली तीच पाळा. घरात सगळे वाट पाहत असतात, हात शिवशिवतात, सगळं खरं. पण आधी केलेल्या टेस्टने पदरात पडतो तो फक्त मनस्ताप.

तांबी बसवलेली असेल किंवा कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असेल: दिवस राहण्याची शक्यता अगदी कमी, पण शून्य नाही. पाळी लांबली तर टेस्ट करा, आणि 'हो' आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अशा वेळी गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनळीत राहिलेला असण्याची शक्यता तपासावी लागते.

चाळिशी ओलांडली असेल: पाळी लांबली म्हणजे ती जायलाच लागली असं गृहीत धरू नका. संबंध येत असतील तर टेस्ट करून घ्या.

## ४. सामान जमवा

- एक किट, जमल्यास दोन. साधं किट बहुधा शंभर रुपयांच्या आत मिळतं.
- कोरडी, स्वच्छ वाटी किंवा कागदी कप, नंतर टाकून देता येईल असा.
- घड्याळ किंवा मोबाइलचा गजर.
- कागद-पेन: टेस्टची तारीख आणि निकाल लिहायला.

किट घ्यायला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, ओळखपत्र लागत नाही, लग्न झालंय का हे विचारायचा दुकानदाराला अधिकार नाही. गावातल्या मेडिकलवाल्याच्या नजरेला नजर देणं जड जातं हे मला माहीत आहे. तसं असेल तर ऑनलाइन मागवा, किंवा तालुक्याच्या बाजाराला जाल तेव्हा घ्या. आशाताईकडे 'निश्चय' नावाचं सरकारी किट मोफत मिळतं. उपकेंद्रात नर्सबाईंकडेही विचारा.

विकत घेताना दोन गोष्टी बघा: मुदतीची तारीख आणि पाकीट सीलबंद आहे की नाही. स्त्रीबीज कधी सुटणार ते सांगणारं किटही अशाच खोक्यात मिळतं. ते हातात पडलं तर सगळाच घोळ. खोक्यावर 'प्रेग्नन्सी' लिहिलेलं आहे याची खात्री करा.

साखर, मीठ, टूथपेस्ट यांत लघवी मिसळून फेस बघायचे प्रकार मोबाइलवर फिरत असतात. त्यांतून काहीही कळत नाही.

## ५. टेस्ट करा

सकाळी उठल्याबरोबरची पहिली लघवी घ्या. रात्रभर साठल्याने ती दाट असते. रात्रपाळी करत असाल तर तुमची जी मोठी झोप असेल तिच्यानंतरची घ्या. पाळी लांबून आठवडा होऊन गेला असेल, तर दिवसा केलेली टेस्टही चालते, फक्त आधी तीन-चार तास लघवीला गेलेलं नसावं. लघवी लवकर व्हावी म्हणून तांब्याभर पाणी पिऊ नका. लघवी पातळ झाली की सुरुवातीच्या दिवसांत 'नाही' येऊ शकतं.

१. पाकीट आयत्या वेळी फोडा. आत पट्टी, ड्रॉपर आणि ओल शोषणारी पुडी असते. पुडी टाकून द्या.
२. पट्टी सपाट जागेवर ठेवा. ड्रॉपरने गोल खाचेत खोक्यावर सांगितलेत तितके, बहुधा तीन, थेंब टाका. रेषा उमटतात त्या खिडकीत थेंब पडू देऊ नका.
३. गजर लावा. बऱ्याच किटमध्ये निकाल पाच मिनिटांनी वाचायचा असतो. तरी तुमच्या खोक्यावरचीच वेळ पाळा.
४. दहा मिनिटांनंतर पट्टीकडे बघू नका. लगेच फोटो काढून ठेवला तर नंतर शंका राहत नाही.

एकत्र कुटुंबात न्हाणीघराबाहेर कुणी ना कुणी थांबलेलं असतं. निकाल कुणाला, कधी सांगायचा हे तुम्ही ठरवायचं. सासूबाईंना गोड बातमीची घाई असेल, तरी टेस्ट त्यांच्यासमोर करायची काही सक्ती नाही.

## ६. रेषा वाचा

पट्टीवर 'सी' आणि 'टी' ही इंग्रजी अक्षरं असतात. 'सी' समोर रेषा यायलाच हवी. ती आली नाही, तर किट वाया गेलं, निकाल धरायचा नाही. फक्त 'सी' म्हणजे 'नाही'. 'सी' आणि 'टी' दोन्ही म्हणजे 'हो'.

'टी' ची रेषा फिकट असली तरी ती रंगीत असेल आणि ठरल्या वेळेत आली असेल, तर 'हो' च समजा. रेषा गडद म्हणजे तब्येत चांगली, फिकट म्हणजे गर्भ अशक्त, असं काही नसतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा केलीत तर ती बहुधा ठळक झालेली दिसेल. तासाभराने कचऱ्याच्या डब्यातून पट्टी काढून पाहिली आणि करडी, रंगहीन पुसटशी रेघ दिसली, तर ती लघवी वाळल्याची खूण. तिला धरून आनंद किंवा भीती काहीच करू नका.

साधी तापाची गोळी, अँटिबायोटिक किंवा रोजची गर्भनिरोधक गोळी यांनी निकाल बदलत नाही.

## ७. 'नाही' आलं, पण पाळीही आली नाही

दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. तरी 'नाही', तर आठवड्याने आणखी एकदा. शेवटच्या असुरक्षित संबंधाला २१ दिवस होऊन गेले आणि तरीही 'नाही', तर दिवस राहिलेले नाहीत असं धरायला हरकत नाही. मग पाळी का लांबली, हा वेगळा प्रश्न उरतो: थायरॉइड, पीसीओएस, वजनातला मोठा चढउतार, आजारपण, परीक्षेचा किंवा घरचा ताण. त्यासाठी डॉक्टरांकडे जा.

या टप्प्यावरची सगळ्यात वाईट चूक म्हणजे 'पाळी आणायच्या गोळ्या' मेडिकलमधून परस्पर आणून खाणं. दिवस राहिलेले असतील तर त्यांनी गर्भ पडत नाही, फक्त हातातले आठवडे जातात. पपई, तीळ, कसले कसले काढे यांचंही तेच. आधी दिवस राहिले नाहीत याची खात्री, मग डॉक्टर देतील ती गोळी.

महिनोन्‌महिने पाळी नाही आणि पोट वाढतंय, तर किटच्या 'नाही' वर थांबू नका. एचसीजी फारच वाढलेलं असलं, तर क्वचित किट खोटं 'नाही' दाखवतं. तिथे डॉक्टरांची तपासणी आणि सोनोग्राफीच हवी.

## ८. 'हो' आलं

आधी धोक्याच्या खुणा सांगते, कारण त्यांत वेळ घालवून चालत नाही. पोटात एका बाजूला जोराचं दुखणं, सोबत अंगावरून जाणं, चक्कर किंवा घेरी, खांद्याच्या टोकाशी दुखणं: गर्भ नळीत राहिला असेल तर असं होतं, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. अशा वेळी किटवर 'हो' फिकट असो की गडद, १०८ ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.

असं काही नसेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करायचं असतं. ती गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मशेरी, तंबाखू, दारू आजपासून बंद. फिट्स, रक्तदाब, थायरॉइड किंवा मुरुमांच्या गोळ्या चालू असतील तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. मुरुमांच्या काही गोळ्या गर्भाला फार घातक असतात. फिट्सच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मूल नको असेल तर दिवसांचा हिशेब आणखी महत्त्वाचा. गर्भाचं वय शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात पाळी चुकली त्या दिवशीच चार आठवडे भरलेले असतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंत करता येतो. विचार करायला, दवाखाना शोधायला हातात पाचच आठवडे उरतात. १९७१ चा गर्भपात कायदा २०२१ मध्ये सुधारला. त्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने आणि काही ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात होऊ शकतो. अविवाहित स्त्रियांनाही हा हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो स्पष्ट केला. वय १८ पूर्ण असेल तर तुमची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. त्याहून लहान मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते. तुमचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मेडिकलमधून गोळ्या चोरून आणून घरी घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्या काही करत नाहीत, आणि ते कळायला उशीर होतो.

मूल हवं असेल तर १२ आठवड्यांच्या आत आशाताई किंवा नर्सबाईंकडे नोंदणी करा. खासगी दवाखान्यात दाखवत असाल तरीही. सोबत न्या: आधार कार्ड, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक, मोबाइल नंबर आणि शेवटच्या पाळीची तारीख लिहिलेला कागद. तिथे माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. निकषांत बसत असाल तर पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६००० रुपये. त्यासाठी हे कार्ड लागतंच.

पहिल्या सोनोग्राफीची घाई मात्र करू नका. पाळी चुकल्याच्या आठवड्यात तिच्यात बहुधा काहीच दिसत नाही, आणि मग उगाच 'गर्भ दिसत नाही' अशी धास्ती बसते. सहा-सात आठवडे भरले की बहुतेक वेळा ठोका दिसतो. पाळी उशिराने येणाऱ्यांनी डॉक्टरांना आपलं चक्र किती दिवसांचं ते आवर्जून सांगावं. ३५ दिवसांचं चक्र असेल तर गर्भ तारखेच्या हिशेबापेक्षा आठवडाभर लहान दिसतो, आणि ते अगदी ठीक असतं. अशा वेळी दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करतात आणि बाळंतपणाची तारीख त्यावरून नव्याने लिहितात.